लग्नाचे फोटो भरपूर आहेत, पण लग्नानंतरचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या वधू-वर पुरवणीत परदेशातली स्थळं कशी बघावीत, मुलाची चौकशी कशी करावी यावर बरंच छापून येतं, पण लग्न झाल्यावर मुलीला तिकडे न्यायचं म्हणजे नक्की काय करावं लागतं यावर कुणी फारसं लिहीत नाही. म्हणून हे पत्र. लांबलंय, काटछाट करायची तर करा, फक्त शेवटची मागणी तेवढी राहू द्या.

माझा मोठा भाऊ मेलबर्नला असतो, तिथला पीआर आहे, म्हणजे कायम राहायचा परवाना आहे त्याच्याकडे. लग्न इकडे नाशिकला, रीतसर बघून, पत्रिका जुळवून, आणि सुट्टी संपल्यावर दादा एकटाच परत गेला, वहिनी आमच्याकडे राहिली. मी पतसंस्थेत नोकरीला, दिवसभर फॉर्म आणि केवायसी हेच काम, त्यामुळे वहिनीच्या पार्टनर व्हिसाच्या, म्हणजे नवरा-बायको म्हणून मिळणाऱ्या व्हिसाच्या, फाइलचं झेंगट कुणी न सांगता माझ्या गळ्यात पडलं. व्हिसा मिळाला, वहिनी तिकडे संसाराला लागली, त्यामुळे हे काही रडगाणं नाहीये. पण तेव्हापासून नात्यातले, ओळखीतले, अगदी गल्लीतलेही लोक फोन करून विचारतात की पुरावे काय काय लागतात, आणि जवळपास प्रत्येकाचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आमच्याकडे लग्नाचे फोटो भरपूर आहेत हो".

असू द्यात. लग्न झालं हे दाखवायला मॅरेज सर्टिफिकेट पुरतं, तो नमुना इ चा कागद. त्यासाठी तीन साक्षीदार, गुरुजींची सही, लग्नपत्रिका हे सगळं मुलगा इथे असतानाच उरकून घ्या, कारण तो विमानात बसला की मग साक्षीदार गावाला आणि गुरुजी दुसऱ्या मुहूर्ताला. पण ऑस्ट्रेलियाच्या १९५८ च्या मायग्रेशन कायद्यात नवरा-बायको कुणाला म्हणायचं याची व्याख्याच दिलीय, कलम ५एफ, आणि त्यात कायदेशीर लग्न ही एकच अट नाही. दोघांनी बाकी कुणाला मध्ये न आणता एकमेकांबरोबर आयुष्य काढायचं ठरवलंय का, नातं खरं आहे का आणि चालू आहे का, एकत्र राहतात का किंवा निदान कायमचे वेगळे तर झालेले नाहीत ना, हे सगळं बघतात. अल्बम रिसेप्शनच्या आइस्क्रीमपाशी संपतो. ऑफिसरला त्याच्या पुढचं बघायचं असतं.

अरेंज्ड मॅरेज आहे म्हणून नाकारतील का, हा दुसरा हमखास प्रश्न. तसं काही नाही. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडप्यांना, म्हणजे डी फॅक्टो म्हणतात त्यांना, साधारण बारा महिन्यांच्या नात्याची अट असते, लग्न झालेल्यांना ती नाही. अडचण वेगळीच आहे. १९९४ च्या रेग्युलेशन्समध्ये १.१५ए म्हणून नियम आहे, त्यात चार बाजू बघायला सांगितल्यात, पैशांचे व्यवहार, घर कसं चालतं, चारचौघं तुम्हाला जोडपं म्हणून ओळखतात का, आणि एकमेकांशी बांधिलकी. हे वाचताना माझ्या लक्षात आलं की आपल्या घरांमध्ये हे सगळं असतं, अगदी भरभरून असतं, पण नवरा-बायकोच्या नावाने काहीच नसतं. आमच्याकडे लाइट बिल बाबांच्या नावावर, गॅस आईच्या नावावर, घरपट्टी तर अजून आजोबांच्या नावाने येते, वारसनोंदीचं "पुढच्या महिन्यात बघू" चाललंय. नवीन सून त्या घरात सकाळी सहाला उठून चहा टाकते, पण कागदावर बघायला गेलं तर ती तिथे राहतच नाही. तिकडे दादा चौघात मिळून घर घेऊन राहत होता, लीजवर, म्हणजे भाडेकरारावर, नाव मित्राचं. म्हणजे दोन देशात दोन घरं आणि एकाही घराच्या कागदावर दोघांपैकी कुणी नाही!

आधी मी वहिनीच्या आधारचा आणि बँकेचा पत्ता बदलून घेतला, रेशन कार्डात नाव घालायचा अर्ज दिला, तिचा मोबाइल आणि कुरिअर इथल्या पत्त्यावर यायला लागले. बाबांनी साध्या शब्दांत लिहून दिलं की सून लग्नानंतर आमच्याकडे राहते, माहेरी सणावाराला जाते. यातला एकेक कागद किरकोळ आहे पण प्रत्येकावर वेगळी तारीख आहे, आणि फाइलमध्ये तारखाच बोलतात.

घर कसं चालतं या बाजूसाठी सगळ्यात भारी कागद मात्र आम्हाला न ठरवता मिळाला. वहिनी यायच्या आधी दादाला वेगळं युनिट, म्हणजे फ्लॅट, बघायचं होतं, तर तो शनिवारी इन्स्पेक्शनला जायचा आणि व्हिडिओ कॉल लावून तिला घर दाखवायचा. वहिनी इथे ओट्याशी उभी, फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला, आणि ती त्याला सांगतेय की ते वरचं कपाट उघडा, माझा हात पोचेल का तिथे, सिंकच्या खाली ओल आहे का बघा, बाल्कनीत दोरी बांधू देतात का विचारा त्या बाईला. मग रात्री मेसेज, मिक्सर इकडून आणू का, तर तो म्हणे आण पण प्लग बदलावा लागेल, इथली पिन तिरकी असते. त्यांना वाटलं यात काय पुरावा, नुसत्या कटकटी आहेत. मी म्हटलं हाच पुरावा. एजंटला पाठवलेल्या ईमेलमध्ये दादाने "मी आणि माझी बायको" असं लिहिलेलं होतं, लीजच्या अर्जात तिचं नाव होतं, तेही लावलं.

पैशांचं तर विचारूच नका. लग्नातला सगळा आहेर आईकडे जमा, दागिने लॉकरमध्ये आणि लॉकर आई-बाबांच्या नावावर. दादा पहिल्यापासून पैसे बाबांच्या खात्यावर पाठवायचा, लग्नानंतरही तसंच चालू, आणि बाबा त्यातले वहिनीच्या हातात रोख ठेवायचे. कुणाच्या मनात काही वाईट नाही, पद्धतच तशी. पण स्टेटमेंट बघणाऱ्याला त्यात एक मुलगा वडिलांना पैसे पाठवतोय एवढंच दिसणार. मी दादाला सांगितलं की दर महिन्याला थोडे का होईना थेट तिच्या खात्यावर टाक, आणि एनआरओ खातं, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांचं इथलं रुपयांतलं खातं, इथे राहणाऱ्या बायकोबरोबर जॉइंट काढता येतं तर ते काढ. यावर घरात दोन दिवस जरा शांतता होती, ती का होती ते ज्यांच्या घरी सासू-सासरे आहेत त्यांना सांगायला नको.

नॉमिनीचंही तेच. दादाची एफडी, एलआयसी सगळीकडे नॉमिनी आई. मी रोज काउंटरवर बघते, चाळिशी ओलांडलेले दोन पोरांचे बाप आणि नॉमिनी अजून आईच, कारण बदलायचं म्हणजे आईला काय वाटेल. शेवटी आमच्या आईनेच विषय काढला, म्हणाली अरे मी काय म्हातारपणी ते पैसे घेऊन बसणारे का, घाल तिचं नाव. तिकडे सुपर म्हणून असतं, आपल्या पीएफसारखं, त्यातही बायकोचं नाव लावता येतं, ते त्याने लावलं. एक सांगते, हे सगळं अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम केलं तर तेही दिसतंच. लग्न झाल्या महिन्यापासून थोडं थोडं करत गेलं तर ते नैसर्गिक दिसतं, कारण ते असतंच नैसर्गिक.

आता चारचौघांचं. इथे मराठी लोकांनी काळजीच करू नये, लग्नानंतरचं पहिलं वर्ष म्हणजे सणच सण. मंगळागौर, दिवाळसण, संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने, सगळीकडे नातेवाईक गोळा. नवरा समोर नसला तरी सासरचे लोक हिला सून म्हणून मिरवतायत हे दिसतं की. आमच्याकडे तर २०२३ ला अधिक श्रावण आला, धोंड्याचा महिना, आणि जावई मेलबर्नला! वहिनीच्या आईला काही चैन पडेना, मग दादाचा एक मित्र सुट्टीवरून परत निघाला होता त्याच्याबरोबर तेहतीस अनारसे पाठवले. ते दादाने आणि त्याच्या रूममेटनी दोन दिवसात संपवले, डब्यासकट फोटो पाठवला, खाली वहिनीच्या आईचा मेसेज की जावईबापू निदान तुपाचा दिवा तरी लावला का. हे सगळं फाइलमध्ये गेलं, खाली दोन ओळीत धोंड्याचं वाण म्हणजे काय ते समजावून. आहेराच्या वहीची पानं पण लावली, नाव, गाव, रक्कम, कारण त्यात कोण कोण आलं होतं ते हाताने लिहिलेलं असतं.

याच रूममेटपैकी दोघांनी पुढे फॉर्म ८८८ भरून दिला. हा फॉर्म म्हणजे तुमचं नातं माहीत असलेल्या लोकांचं म्हणणं, दोघांचं तरी लागतं, शक्यतो तिथले नागरिक किंवा पीआर. एकाने लिहिलं की हा रात्री अकराला मॅगी करायला घेतला की फोनवर बायको ओरडते आणि हा गॅस बंद करतो, मी स्वतः ऐकलंय. दादा म्हणाला हे काय लिहिलंस, मी म्हटलं एक अक्षर बदलू नकोस. कारण इथे आम्ही शेजाऱ्यांकडून नोटरी करून आणलेली प्रतिज्ञापत्रं बघा, सगळीकडे एकच मजकूर, "आम्ही सदर जोडप्यास चांगले ओळखतो, ते सुखाने नांदत आहेत". नवरा सातासमुद्रापार आणि सुखाने नांदत आहेत! ती मी बाजूला काढली आणि शेजारच्या काकूंना म्हटलं तुम्ही जे बघितलंय तेच तुमच्या भाषेत लिहा, इंग्रजी मी करून घेते. भाषांतराचंही लक्षात ठेवा, इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचं भाषांतर लागतं, आणि ते भारतात केलं तर करणाऱ्याचं नाव, पत्ता, शिक्षण लिहावं लागतं.

व्हॉट्सअ‍ॅप चॅट हा मात्र नाजूक विषय. लोक सगळं चॅट एक्सपोर्ट करून शेकडो पानं डकवतात आणि ते काम घरातला कुणीतरी कंप्युटर येणारा दीर नाहीतर मेव्हणा करतो. मी वहिनीला सांगितलं की तू आणि दादा निवडा, मला वाचायचं नाहीये, दर महिन्यातले दोन-चार साधे दिवस घ्या, कॉल लॉग घ्या, बस. भांडण असलेले दिवस पण राहू द्या, कधीच न भांडणारं जोडपं कुणाला खरं वाटेल?

नावाचा घोळ जरूर तपासा. आपल्याकडे काही घरांत अजून ताटात तांदळावर लिहून मुलीचं नाव बदलतात, मग पासपोर्टवर एक नाव, सासरच्यांच्या मेसेजमध्ये दुसरंच, आणि आधारवर मधलं नाव कधी वडिलांचं कधी नवऱ्याचं. आपल्याला सवय आहे, तिकडच्या माणसाला या तीन वेगळ्या बायका वाटू शकतात. फॉर्ममध्ये आधीची आणि इतर नावं विचारतात तिथे सगळी लिहायची, लाजायचं काय त्यात.

खर्चाचं सांगते म्हणजे पुढचा मुद्दा कळेल. जुलै २०२५ पासून या अर्जाची सरकारी फी ९,३६५ ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, आपल्या पाच लाखांच्या वर, त्यात आधीचा तात्पुरता ३०९ नंबरचा व्हिसा आणि नंतरचा पर्मनंट १०० नंबरचा असे दोन्ही आले, पण नाकारला तर पैसे परत नाहीत. एवढी रक्कम पणाला लागली की घरातले घाबरतात आणि घाबरलेल्या माणसांवरच पॅकेजवाल्यांचं दुकान चालतं. आमच्या नात्यातलं एक जोडपं असंच एका एजंटकडे गेलं. लग्न खरं, नातं खरं, सगळं खरं. एजंट म्हणाला पुरावे कमी आहेत, मुलगा आहे इथे तोवर एका दिवसात चार ड्रेस घेऊन या, सोमेश्वर, गंगापूर धरण, पंचवटी, सप्तशृंगीगड फोटो काढू आणि खाली वेगवेगळे महिने टाकू, चॅटही आमचा मुलगा तयार करून देतो. मुलीचे वडील शिक्षक, रिटायर्ड. ॲडव्हान्स सोडून दिला आणि उठून आले.

बरं झालं उठले. ऑस्ट्रेलियाच्या नियमात पब्लिक इंटरेस्ट क्रायटेरियन ४०२० म्हणून आहे, खोटी माहिती किंवा बनावट कागद सापडला तर अर्ज तर जातोच, वर तीन वर्षं ही अट असलेले व्हिसे मिळत नाहीत, आणि ओळखच खोटी सांगितली तर दहा वर्षं. म्हणजे खऱ्या नवरा-बायकोने खोटे फोटो लावून खऱ्या नात्याची वाट लावायची. पुरावे कमी असतील तर का कमी आहेत ते पत्रात सरळ लिहावं, की लग्नानंतर तीनच आठवडे एकत्र मिळाले, घर सासऱ्यांच्या नावावर आहे, पैसे रोख दिले जायचे. आम्ही तसंच लिहिलं होतं. आणि अर्ज नाकारलाच तरी स्पॉन्सर करणाऱ्याला, म्हणजे आमच्याकडे दादाला, तिकडच्या ट्रिब्युनलकडे दाद मागता येते, ऑक्टोबर २०२४ पासून जुन्याच्या जागी नवं अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनल झालंय.

मुलीच्या आई-वडिलांसाठी दोन गोष्टी, पुरवणी तेच जास्त वाचतात म्हणून. ऑस्ट्रेलियात एका माणसाला अशा व्हिसासाठी आयुष्यात सहसा दोनच जणांना स्पॉन्सर करता येतं आणि दोन्हींमध्ये पाच वर्षांचं अंतर लागतं. तेव्हा साखरपुड्याच्या आधी मुलाला स्पष्ट विचारा की याआधी कुणाला स्पॉन्सर केलंय का. यात अपमान वाटून घ्यायचं काही नाही, सरकार त्याच्याकडे पोलिसांचा दाखला सुद्धा मागतं, मग तुम्ही एक प्रश्न विचारला तर काय बिघडलं. दुसरं, "व्हिसा पक्का होईपर्यंत सांभाळून घे बाई" हे मुलीला सांगू नका. तिकडे पोचल्यावर मारहाण, छळ झाला आणि त्यामुळे नातं तुटलं तर पर्मनंटचा रस्ता आपोआप बंद होत नाही, घरगुती हिंसेसाठी नियमात वेगळी तरतूद आहे. नवऱ्याच्या घरची असून हे लिहितेय, मुद्दाम.

आता मागणी. तुमच्या याच पुरवणीत स्थळांच्या शेजारी "रिलेशनशिप प्रूफ पॅकेज, गॅरंटीड" अशा चौकटी येतात. ऑस्ट्रेलियात व्हिसाचा सल्ला पैसे घेऊन द्यायचा तर वकील असावं लागतं किंवा तिकडच्या मायग्रेशन एजंट्स रजिस्ट्रेशन ऑथॉरिटीकडे नोंदणी लागते, त्याचा नंबर असतो आणि तो ऑनलाइन कुणालाही तपासता येतो. भारतात बसलेल्या एजंटला ही नोंदणी सक्तीची नाही, आणि त्याचाच फायदा घेतला जातो. तुम्ही जाहिरात घेताना हा नंबर मागा आणि चौकटीत छापा. ज्याच्याकडे नसेल त्याच्या चौकटीत तसं लिहा, लोक आपापलं ठरवतील. आणि "गॅरंटीड" तर अजिबात छापू नका, निर्णय सरकारी ऑफिसर घेतो, गॅरंटी देणारा हा कोण? जाहिरात विभाग वेगळा आणि संपादकीय वेगळं असं उत्तर येईल हे माहितीये मला, पण आमच्या घरी पेपर एकच येतो.

आपली,
एक नणंद, नाशिक